ठाकरवाडीतली गाणी शोधनिबंधात

शहापूर-मुरबाडच्या ठाकरवाड्यांत गाणी टिपणाऱ्या तरुणांनी त्यांवर शोधनिबंध जरूर लिहावा. वाईचे ‘नवभारत’, मुंबईची ‘मराठी संशोधन पत्रिका’ ही अशा लेखनाची नियतकालिके. पाठवण्याआधी त्यांचे अंक आणि लेखकांसाठीच्या सूचना वाचा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधली अक्षरे तो फाँट नसलेल्या संगणकावर ओळखू येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे, गाण्यातली बोली प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. उच्चार ऐकला तसाच लिहा, अर्थ तळटीपेत द्या. गाणाऱ्या बाईंची परवानगी घ्या. त्यांची हरकत नसेल तर नाव, पाडा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख नोंदवा. गाणे त्यांचे आहे, हे वाचकाला कळायलाच हवे. संदर्भांत लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ हा क्रम शेवटपर्यंत एकच ठेवा. निबंध एका वेळी एकाच संपादकांकडे पाठवा.