मागच्या कांचेवरील पडदा



मे महिन्याच्या मध्यावर ठाणें-कल्याणच्या आकाशांत सूर्य दोन प्रहरीं नेमका डोक्यावर येतो. साधारण १६ तारखेच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, असा एक दिवस येतो कीं उभ्या काठीची सावली तिच्या पायाशींच विरून जाते. जुलैंतला दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला मात्र चुकत नाहीं. अशा दिवशीं उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचें काय होतें, आणि तिच्या मागच्या कांचेस लावावयाचा, काढतां-घालतां येणारा पडदा कसा असावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान खरा. परंतु त्याच्या एका बाजूस कायदा उभा आहे, आणि दुसऱ्या बाजूस गाडीमागें खेळणारें एखादें मूल.

कांच प्रकाशाला आंत येऊं देते; पण तापलेल्या बैठकींतून जी उष्णता किरणरूपानें परत निघते, तिला बाहेर जाऊं देत नाहीं. तासाभरांत आंतली हवा बाहेरच्यापेक्षां वीस अंशांनीं अधिक तापणें ही नित्याचीच गोष्ट. शिवाय कांच जितकी आडवी, तितकें ऊन अधिक. सूर्य माथ्यावर असतां जमिनीशीं सत्तर अंशांचा कोन करणाऱ्या कांचेवर पूर्ण उन्हाचा सुमारें तिसरा हिस्सा पडतो. तीच कांच तीस अंशांवर कलती असेल तर सत्त्याऐंशी टक्के पडतें. शर्यती बाण्याच्या जुन्या मोटारींचें दुखणें हेंच. १९६१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत आलेली जाग्वार ई-टाइप घ्या, कीं १९६४ पासून तयार होऊं लागलेली पोर्शे ९११ घ्या; पाठ उतरती, म्हणून कांचही उतरती. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराला तर मागें, एंजिनावर, झडपाच बसविलेल्या होत्या, आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असत तशा. मला ही युक्ति फार शहाणपणाची वाटते: ऊन अडतें आणि वारा खेळतो.

आपल्याकडे अशा गाड्या फार थोड्या. आपली जुनी गाडी म्हणजे फियाट, पुढें जी पद्मिनी झाली ती. शेठ वालचंद हिराचंद यांच्या १९४४ सालच्या प्रीमियर कंपनीनें ती कुर्ल्यास बनविली. त्याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवलीकडील कारखान्यांतून १९९० नंतरच्या दशकांत फ्रेंच प्यूजो ३०९ ही गाडीही कांहीं वर्षें निघाली. पद्मिनीच्या टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशा झाल्या. उरल्या त्या हौशी मालकांनीं जपलेल्या. तिची मागची कांच पुष्कळ उभी आहे, हें तिचें भाग्य. तरी बैठकीमागची फळी आणि रेक्झिन यांना ऊन सोडीत नाहीं. साध्या कांचेंतून लांब लहरींचे अतिनील किरण बरेच आंत येतात. रंग विटतो, रेक्झिनमधला मऊपणा उडून जातो, आणि एके दिवशीं शिवणीजवळ भेग पडते.

मग कांचेवर काळी फिल्म कां न चिकटवावी? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभरावा नियम सांगतो कीं, पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान सत्तर टक्के आणि बाजूच्या कांचांतून पन्नास टक्के प्रकाश गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल २०१२ रोजीं काळ्या फिल्मांस व कांचेवर लावलेल्या तशाच अन्य वस्तूंस मनाई केली. काढतां येणाऱ्या पडद्याचा खरा गुण येथें दिसतो: गाडी उभी असतां तो लावावा, आणि किल्ली फिरविण्यापूर्वीं काढावा. "जाळीच तर आहे, दिसतें कीं!" असें म्हणणारे भेटतात. त्यांनीं एक गुणाकार करावा. कांच शंभरांतला ऐंशी भाग प्रकाश सोडीत असेल आणि जाळी चाळीस, तर दोन्ही मिळून बत्तीसच उरतात. जुन्या गाडीस ना पाठीमागचा कॅमेरा, ना मोठे आरसे. आणि डोंबिवलीच्या गल्लींत संध्याकाळीं गाडी मागें घेतांना दोन हातांवर मुलें चेंडू खेळत असतात.

दुसरी गोष्ट मूळ रूपाची. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाडीस व्हिंटेज म्हणून नोंद मिळूं शकते. नव्या नोंदीचें शुल्क वीस हजार रुपये. पद्मिनी हें नांव १९७४ चें. म्हणजे त्या नांवाच्या पहिल्या गाड्यांची पन्नाशी नुकतीच उलटली आहे. अशा गाडीच्या पत्र्याला पडद्यासाठीं भोंकें पाडणें हा मला अविचार वाटतो.

पडदा घरींही करतां येतो. आधीं वर्तमानपत्राचा कागद आंतून कांचेवर धरून रबरी पट्टीच्या कडेनें आकार आंखावा, आणि तो चोहों बाजूंनीं बोटभर कमी कापावा. लवचिक तारेची चौकट, तिच्यावर ताणलेली दाट जाळी. कांचेकडची बाजू पांढरी किंवा रुपेरी असूं द्या. ऊन परत फिरवावयाचें तर तें कांचेंतून पुन्हा बाहेर गेलें पाहिजे, आणि काळें कापड तें गिळून स्वतःच तापतें. याहून चांगला उपाय म्हणजे बाहेरून टाकलेलें पांढरें कापड, कारण तें ऊन कांचेपर्यंतच पोंचूं देत नाहीं. मात्र वारा आणि चोर, दोघांचीही त्यावर नजर असते. कांचेला दाबून चिकटणाऱ्या रबरी वाट्या वापरूं नयेत. मेच्या उन्हांत त्या मऊ पडून सुटतात आणि कांचेवर वर्तुळें ठेवून जातात. चौकट खालीं फळीवर टेकवून वर स्वतःच्या ताणानें राहील, अशीच बेतावी.

पावसाळ्यांत मात्र हा पडदा गाडींत ठेवूं नये. खाडीकडच्या दमट हवेंत त्याला बुरशी येते, आणि तारेचा गंज फळीवर उतरतो. जूनच्या पहिल्या सरींबरोबर तो धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडांत गुंडाळून माळ्यावर टाकावा. ऑक्टोबरांत तो पुन्हा लागतोच.