नट ढिला का होतो?



आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे.

मी हेडमास्तर होतो. शाळेला सायकलने जायचो. एकदा पुढच्या चाकाचे पंक्चर घरीच काढले. चाक परत बसवले. पाहतो तो एक वायसर उरला. वायसर म्हणजे नटाखालची चकती. म्हटले, एवढ्याशा चकतीवाचून काय अडते? ती खिशात टाकली.

चार दिवसांनी धाकट्या मुलीला मागे बसवून निर्मळच्या रस्त्याने निघालो. खड्ड्यात सायकल आपटली. नट कधीच गळून पडला होता. चाक निसटले. पोरीचा हात मोडला. चूक माझी, भोगली तिने.

घट्ट आवळलेला नट ढिला का होतो? नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. त्या ताणाने आटे एकमेकांना धरून राहतात. पण गाडी हादरते, भाग आडवे सरकतात. दर हादऱ्याला पकड क्षणभर सुटते. नट केसभर फिरतो. असे हजार हादरे बसले की नट खाली! आडवा हादरा सर्वांत वाईट, हे गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ साली प्रयोगाने दाखवले.

यावर उपाय आहेत. ते नीट ऐका.

पहिला, स्प्रिंग वायसर. ही कापलेली, पिळलेली चकती असते. ती नटाला खालून रेटते. पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका. जोराच्या हादऱ्यापुढे ती हात टेकते.

दुसरा, चेक नट. एका नटावर दुसरा नट आवळायचा. दोघे एकमेकांना अडवतात.

तिसरा, स्प्लिट पिन. बोल्टाला आरपार भोक असते. नटाच्या खाचेतून दोन पायांची पिन त्यात घालतात आणि पाय फाकवतात. मग नट फिरणार कुठे? बैलगाडीच्या आसाला आपण कुणी घालतो, तिचीच ही बहीण. काढलेली जुनी पिन मात्र परत घालू नये. वाकवून वाकवून ती तुटते.

सायकलचे डावे पायडल पाहा. त्याचे आटे उलटे असतात. सुलटे असते, तर चालवता चालवता ते सुटून आले असते.

विरारहून मुंबईकडे पहिली लोकल १८६७ साली गेली, ती आपल्या नालासोपाऱ्यावरूनच. रुळाच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट असतात. त्यांना स्प्रिंग वायसर असतो. तरी कीमन पाना-हातोडा घेऊन रुळावरून चालतो आणि ढिले बोल्ट आवळतो. आता बरेच सांधे वितळवून जोडले आहेत. पण त्याची फेरी चुकत नाही. म्हणजे उपाय केला तरी नजर हवीच.

तुम्हीही एक करा. पंपाचा, गाडीचा नट आवळला की नट आणि बोल्ट दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की समजा, नट फिरला. तेव्हाच पाना घ्या.

आता तुम्हाला अक्षर वाचता येते. ही रेघही रोज वाचत जा.