वाळीत टाकणे आणि राज्याचा कायदा



माणसास छळावयाचे तर त्याच्या अंगास हात लावावाच लागतो असे नाही. गिरणीवाल्याने त्याचे दळण घेऊ नये, दुकानदाराने मीठ देऊ नये, शेजाऱ्याने लग्नाचे आवतण देऊ नये आणि घरात मयत झाली असता खांदा द्यावयास कोणी येऊ नये, एवढे झाले म्हणजे पुरे. यासच आपण वाळीत टाकणे म्हणतो. या अन्यायाविरुद्ध राज्याच्या कायद्याने काय साधते, याचा आज विचार करू.

राज्यघटनेने मूलभूत हक्क दिले असता निराळा कायदा कशास, अशी शंका कोणी घेईल. परंतु त्यांपैकी बहुतेक हक्क सरकारने अन्याय केला तर उपयोगी पडणारे आहेत. अन्याय शेजाऱ्याने केला तर त्यास शिक्षा सांगणारा कायदाच लागतो. घटना अमलात येण्यापूर्वी आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. त्या प्रांताने 1947 साली अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा एक व मंदिरप्रवेशाचा एक, असे दोन कायदे केले. पुढे 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने त्यांची जागा घेतली. प्रांताने पाडलेली वाट देशाच्या उपयोगी पडली ती अशी.

परंतु पंचांनी आपल्याच जातभाईस वाळीत टाकले तर? मुंबई प्रांताने 1949 साली अशा बहिष्कारास बंदी करून 1000 रुपयांपर्यंत दंड ठेविला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी या कायद्यास आव्हान दिले, आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरविला. आपले धार्मिक व्यवहार चालविण्याचा पंथाचा जो घटनादत्त हक्क, त्यास या कायद्याने बाध येतो, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र कायद्याच्या बाजूने भिन्न मत दिले. पंथाचा हक्क मोठा की पंथातील एकट्या माणसाचा, हा वाद तेथे संपला नाही. 2023 साली त्याच न्यायालयाने हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविला.

दरम्यान महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो 2017 साली अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. चिथावणी देणारा व साहाय्य करणारा हेही दोषी ठरतात. दंडाची रक्कम पीडितास देता येते. बहिष्कारासाठी सभा भरणार असल्याचे कळल्यास जिल्हाधिकारी ती आधीच थांबवू शकतात. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला पुरा व्हावा, असेही कलम आहे.

तरीही अडचण उरतेच. पंचांचा ठराव सहसा कागदावर येत नाही. गिरणीवाला म्हणतो, पट्टा तुटला होता. दुकानदार म्हणतो, माल संपला होता. साक्षीदार सारे गावचेच, आणि साक्ष दिली तर उद्या आपलीही पाळी येईल, ही भीती प्रत्येकास असते. न्यायालयाच्या परवानगीने हा गुन्हा आपसात मिटविताही येतो. ज्याचे पाणी तोडले आहे त्याची संमती खरोखर त्याची असते काय, हे न्यायाधीशांनी फार बारकाईने पाहावयास हवे.

हे सारे खेड्यातले, असे म्हणून खामगाव-चिखलीच्या सुशिक्षित घरांनी निश्चिंत राहू नये. मुलीने परजातीत विवाह केला म्हणून समाजाच्या मेळाव्यातून कुटुंबाचे नाव गाळणे, त्यांच्याशी सोयरीक करू नका असे कुजबुजणे, हे शहरातही घडते, आणि ते करणारे आपण निरक्षर नसतो.

कायद्याचे मोठे काम असे की, 'सर्व गावाने केले' या शब्दामागे दडलेल्या माणसांस तो एकेक करून नावानिशी उभे करितो. परंतु नावे सांगणारा कोणी हवा. आपल्या गल्लीत एखाद्या घराशी बोलणे बंद झाल्याचे ऐकाल, त्या दिवशी त्या घरी जाऊन बसा, पाणी मागून प्या. आणि साक्षीचा प्रसंग आला तर जे पाहिले ते सांगा. इतके करणारी दहा घरे एखाद्या गावात निघाली, तर तेथील पंचांचा ठराव चालणार नाही.