टोचणीचा हिशेब



“डॉक्टर, तुमच्याकडच्या शेकडा किती मुलांना सगळ्या लसी टोचल्या आहेत?” असे काही वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर मी बेधडक ‘शंभर’ म्हणालो असतो. कारण माझ्या वहीत नावे होती ती टोचलेल्यांचीच! जे मूल आलेच नाही, त्याचे नाव वहीत यावे कसे? अपूर्णांकातला वरचा अंश डॉक्टरला ठाऊक असतो. खालच्या छेदाशी त्याची गाठच पडत नाही.

विलायतेत १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथे कुटुंबाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत असते, म्हणजे छेद आयताच हाती. १९९० च्या करारात तर मोबदलाच या अपूर्णांकाला बांधला. यादीतल्या दोन वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ७० ना लसी मिळाल्या तर एक रक्कम, ९० ना मिळाल्या तर त्याहून मोठी.

आपल्याकडे अशी यादी कुठली? एकच मूल तापाला माझ्याकडे येते, लशीला नगरपालिकेच्या दवाखान्यात जाते, आणि बाळंतपण आजोळी झालेले असल्यामुळे पहिली टोचणी तिसऱ्याच गावी! म्हणून मी खोकला, जुलाब, कशासाठीही येणाऱ्या दोन वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख लिहून कार्ड मागू लागलो. “कार्ड माहेरी राहिलं, पण सगळं दिलंय हो,” या उत्तराला वेगळा रकाना ठेवला. तो रकाना ‘टोचले’मध्ये मिळवण्याचा मोह फार होतो!

वर्षअखेर शंभर कुठेच नव्हते. सर्वांत रिकामा होता गोवराच्या दुसऱ्या डोसाचा रकाना. तो सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा. पण तोवर मूल चालू लागते, अंगाने भरते, आणि आई निर्धास्त होते. नवव्या महिन्यातला पहिला डोस मात्र शंभरांतल्या सुमारे ८५ मुलांनाच लागू पडतो. तो ९० मुलांना दिला, तरी सुरक्षित झाली ७६-७७. गोवर थोपवायला हवीत शेकडा ९५, तीही दोन्ही डोस घेतलेली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर पसरला, तेव्हा मुले दगावली.

आणि जे मूल तापालाही माझ्याकडे येत नाही, ते या नव्या वहीतही नव्हतेच. म्हणून गेल्या हंगामात मी आणि आमच्या आशाताई ऊसतोड कामगारांच्या तळावर गेलो. कोपी-कोपीतली मुले मोजली. कार्डे बहुतेकांची गावीच राहिली होती. ती सारी नावे त्याच वहीत उतरवली, आणि माझा आकडा त्या दिवशी आणखी खाली आला.