लेबल काढा, मग हळद चाखा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, ज्यांचे इयरफोन घरी राहिले किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. तुमच्या स्वयंपाकघरातली हळद "चांगली" आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? नाकाने, जिभेने, की पाकिटाने?

आता हे डोक्यात कुठून आलं? सिगारच्या शौकिनांची एक पद्धत मी वाचली होती. ही मंडळी सिगारवरची कागदी पट्टी काढून टाकतात आणि बिननावाची सिगार दुसऱ्या शौकिनाला देतात. त्याने ओढायची, काय जाणवलं ते लिहायचं, गुण द्यायचे आणि मगच नाव कळणार. महागड्या नावाचा दबाव नाही, स्वस्त नावाची लाज नाही. मी म्हटलं, तंबाखू राहू दे बाजूला, पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

वाइनवाल्यांचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच जाणकारांना बसवलं आणि फ्रान्स व कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव न सांगता प्यायला दिल्या. कॅलिफोर्नियाची वाइन तेव्हा कोणी फार मोजत नव्हतं. निकाल लागला तर पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा! बाटलीवरचं नाव दिसत असतं, तर हे झालं असतं का, तुम्हीच सांगा.

आपल्याकडे ना सिगार, ना वाइन. पण आपल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे, हळद्याचं वायगाव. इथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ज्याला सगळे जीआय टॅग म्हणतात ते. गडद रंग आणि भरपूर कर्क्युमिन ही तिची ख्याती. वर्धा जिल्ह्यात कोणालाही विचारा, "वायगावची हळद वासावरून समजते भाऊ" हे वाक्य ऐकायला मिळणारच. म्हटलं, चला, समजते का पाहू.

जागा ठरली गिरड, मित्राच्या घरची ओसरी. एप्रिल महिना, दुपार टळल्यावरची वेळ. गिरड म्हटलं की बाहेरच्यांना टेकडीवरचा ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आठवतो. त्या टेकडीवर जायफळासारखे, सुपारीसारखे गोल दगड सापडतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, अशी गोष्ट लोक सांगतात. भूगर्भाचे अभ्यासक म्हणतात, लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटसारखी खनिजं साचून अशा गाठी होतात. कोणतीही बाजू घ्या, डोळ्याला जायफळ दिसतं आणि हातात दगड येतो. आमच्या खेळाला यापेक्षा योग्य गाव कोणतं असणार?

चाखायला सहा जण. वायगाव पट्ट्यातले एक हळद पिकवणारे काका. लग्नाच्या पंगतींचा सयपाक करणारे एक महाराज. एक किराणा दुकानदार. वर्षभराचे मसाले घरी कुटणाऱ्या एक मावशी. आणि कॉलेजमधली दोन पोरं, ज्यांना हळदीतलं काहीच कळत नाही असं त्यांनीच आधी जाहीर करून टाकलं. मी चाखणार नव्हतो, कारण हळदी मीच जमवल्या होत्या.

हळदी होत्या चार. पहिली काकांच्या शेतातली, या हंगामातली. दुसरीही त्याच काकांची, त्याच शेतातली, पण गेल्या वर्षी दळलेली आणि वर्षभर एका नातेवाइकाच्या खिडकीत काचेच्या बरणीत उभी असलेली. तिसरी सांगलीची. चौथी हिंगोलीकडची सेलम जातीची. सांगली आणि हिंगोलीची हळकुंडं आणून ती काकांच्या नव्या हळकुंडांसोबत त्याच आठवड्यात, त्याच चक्कीवर दळून घेतली. म्हणजे तीन ताज्या, एक जुनी.

वाट्या मात्र पाच ठेवल्या. काकांची नवी हळद दोन वाट्यांत होती आणि हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

नियम ऐका, कारण सगळी गंमत नियमांत आहे. वाट्यांवर १, २, ३ किंवा अ, ब, क लिहायचं नाही. "एक नंबर" म्हटलं की माणसाला ते आपोआप भारी वाटतं. म्हणून ४१७, ६८२ असे कसेही तीन आकडे टाकायचे; चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही हेच करतात. वाट्या मी भरल्या, पण पुढे मांडल्या मित्राच्या धाकट्या भावाने. कोणत्या आकड्यात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि मी आत बसलो होतो, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून कोणाला अंदाज येऊ नये. चाखणाऱ्यांच्या डोळ्यांवर दुपट्टा. आधी नुसता वास, मग कोमट दुधातून घोट. पाणी का नाही? कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात उतरतं. दूध सायीचं, साखर नाही, हळद प्रत्येक कपात सारखी मोजलेली. दोन घोटांच्या मध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा आणि पाणी. आणि सगळ्यात अवघड नियम: तोंडातून शब्द काढायचा नाही. दुपट्टा सोडायचा, कागदावर लिहायचं, मगच पुढची वाटी. एकाने "वा!" म्हटलं की बाकी पाच जणांची जीभ संपली.

पहिल्या फेरीत दहापैकी गुण द्यायचे होते. काकांची नवी हळद सगळ्यात वर आली, हिंगोलीची तिच्या अगदी मागे. दुकानदाराने हिंगोलीच्या कागदावर ठामपणे लिहिलं होतं, "ही वायगाव." महाराजांनी काकांच्या नव्या हळदीला एका वाटीत ८ दिले आणि दुसऱ्या वाटीत ५. एकच हळद बरं का! पाचाच्या खाली लिहिलं होतं, "जरा कडू". मावशींनी मात्र दोन्ही वाट्यांना ७ दिले आणि खाली लिहिलं, "या दोन बहिणी आहेत काय?" ही लपवलेली जोडी मला फार आवडते. हळदीची परीक्षा घेता घेता परीक्षकाचीही होऊन जाते.

आणि शेवटचा नंबर? सहाच्या सहा कागदांवर खिडकीतली जुनी हळद. काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "भुसा. वास नाही."

दुसरी फेरी तीन कपांची. दोन कप सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. इथे थोडं गणित लागतं, घाबरू नका. नुसता अंदाज मारला तरी तिघांत एकदा बरोबर येतं, म्हणजे सहा जणांत दोघं तर न चाखताही जिंकणार. काकांची नवी विरुद्ध हिंगोलीची, असं ठेवल्यावर चौघांनी बरोबर ओळखलं. ओसरीवर टाळ्या! पण सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येणं हे नुसत्या नशिबानेही दहात एकदा घडतं. त्यामुळे फरक असेल, पण छातीठोकपणे सांगायला सहा माणसं पुरत नाहीत. मग काकांची नवी विरुद्ध काकांचीच जुनी ठेवली. सहापैकी सहा! नशिबाने असं व्हायचं तर ७२९ वेळात एकदा.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात असाच एक किस्सा घेतलाय. एक बाई म्हणायच्या, कपात आधी दूध ओतलं की चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशर म्हणतात, ८ कप द्या, ४ असे आणि ४ तसे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणजे अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. चव ओळखल्याचा दावा कोणी केला की ही पद्धत आठवा. भांडण न करता निकाल लागतो.

निकाल लागला, पण भांडण मात्र झालं. मी नावं वाचून दाखवली तेव्हा काका एकदम गप्प. मग म्हणाले, "म्हणजे माह्याच हळदीले मी भुसा म्हटलं?" दुकानदार हसायला लागला. काकांना हसू आलं नाही, आणि मला ते पटलं. कारण ही काही त्यांच्या चुकीची गोष्ट नव्हती. आठ-नऊ महिने पीक सांभाळायचं, खणायचं, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, काहिलीत शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये घोळून चकचकीत करायची. एवढं करून ती हळद कोणाच्या तरी खिडकीत वर्षभर उभी राहते. पुढे कोणी पाहुणा ती चाखतो आणि म्हणतो, "हीच का ती वायगावची? काही खास नाही." नाव कोणाचं गेलं? बरणीवाल्याचं नाही गेलं.

आता असं का होतं ते पाहू. हळदीचा रंग आणि हळदीचा वास ही दोन वेगळी खाती आहेत. रंग कर्क्युमिनचा. वास हळदीतल्या तेलाचा, त्यात मुख्य टर्मेरोन नावाची द्रव्यं. हे तेल उडून जाणारं आहे. अख्ख्या हळकुंडात ते कोंडलेलं असतं. दळलं की प्रत्येक कण हवेला उघडा पडतो. रंगाला उजेड मारतो. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवल्यावर फिका होतो की नाही? तेच काचेच्या बरणीत होतं, फक्त हळूहळू. म्हणून आमच्या ओसरीवर ताजी आणि शिळी यांतला फरक सगळ्यांना कळला, आणि दोन ताज्या गावांमधला फरक सहापैकी चौघांनाच.

मग जीआय टॅग खोटा का? अजिबात नाही. टॅग सांगतो ही हळद कुठली आहे आणि ते नाव वापरण्याचा हक्क कोणाला आहे. ती कधी दळली, कुठे ठेवली, हे टॅग सांगत नाही. तो त्याचा विषयच नाही. आपण मात्र गावाचं नाव वाचतो आणि ताजेपणा गृहीत धरतो.

जीभ म्हणजे सर्वज्ञ असंही समजू नका. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट लावतात. ते शिशाचं संयुग आहे, मुलांच्या मेंदूला घातक. त्याची चव तुम्हाला कळणार नाही, डोळे उघडे असोत की बांधलेले. बांगलादेशात यावर मोठं काम झालं. तिथल्या बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत २०१९ मध्ये शिसं सापडलं होतं. तपासण्या, दंड आणि लोकांना सांगणं, हे सगळं केल्यावर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. हे काम प्रयोगशाळेचं आणि सरकारचं. मित्रांची ओसरी तिथे पुरत नाही. म्हणून चव स्वतः पाहा, पण सुट्या, बेनावाच्या, नको तितक्या पिवळ्या पावडरीपासून लांब राहा.

घ्यायची कशी? जमलं तर हळकुंडं घ्या. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना टणक आवाज येतो आणि आत गडद नारिंगी दिसतं. दोन-तीन महिन्यांपुरतीच दळून आणा. काचेची बरणी कपाटाच्या आत, नाहीतर सरळ स्टीलचा डबा. दळलेली घेणार असाल तर विचारा, "कधी दळली?" गावाचं नाव विचारतो तितक्याच सहजपणे विचारा.

आणि घरी हा खेळ करून पाहा. हळदच हवी असं नाही. तूरडाळ, गूळ, चहापत्ती, नागपुरी संत्री, काहीही चालेल. एक जण भरणारा, एक मांडणारा, बाकीचे डोळे बांधून गप्प. एक वाटी गुपचूप दोनदा ठेवा. कोणाच्या घरचं भांडण कोणत्या पदार्थावरून झालं, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा.

काकांचं सांगायचं राहिलं. निघताना त्यांनी मला विचारलं, पाकिटावर छापायला दळल्याचा महिना मोठ्या अक्षरात टाकला तर कसं दिसेल? मी म्हटलं, गावाच्या नावाएवढाच मोठा टाका. ते म्हणाले, "मंग जुनी उरली त विकता येणार नाही ना, बाबू." मावशी लगेच म्हणाल्या, "नाहीच विकाची. अख्खी हळकुंडं ठेवाची आन् लागन तशी दळून द्याची." काका काही बोलले नाहीत. गाडीला किक मारली आणि गेले. पुढच्या हंगामात त्यांचं पाकीट पाहू, मग सांगतो.