चुकारा आणि शिष्यवृत्ती

(मूर्तिजापूर येथे झालेल्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. वक्ते १९८१ च्या दहावीच्या तुकडीचे असून अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून निवृत्त झाले आहेत.)

व्यासपीठावरचे गुरुजन, मुख्याध्यापक सर, आणि त्रेचाळीस वर्षांनी एकमेकांना ओळखायचा प्रयत्न करत सकाळपासून फिरणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

आठवणी सांगणारे आज बरेच आहेत. शकुंतला गाडी, तिच्यातून येणारी दर्यापूर-कारंज्याकडची पोरं, गणिताच्या तासाचा मार, हे सगळं माझ्यानंतरचे वक्ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी आयुष्यभर कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर बसलेला माणूस. मला तेवढंच येतं, म्हणून त्यावरच बोलतो. जेवणाच्या आधी फॉर्मविषयी ऐकावं लागतंय, त्याबद्दल माफ करा.

सुरुवात मात्र आपल्या शाळेच्या ऑफिसातून करावी लागेल. आपल्यापैकी निम्म्या पोरांनी ई.बी.सी.ची सवलत घेतलेली आहे. तेव्हा आपण ते लपवायचो, आता सांगायला हरकत नाही. ही सवलत साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १,२०० रुपये होती. पुढे ती वाढत गेली. माझ्या बापाचं चार एकर वावर, सगळं कोरडवाहू. उत्पन्न किती हे त्यालाच माहीत नव्हतं, कारण कापूस एकाधिकार खरेदीत जायचा आणि चुकारा कधी येईल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. आपल्या ऑफिसातले बाबूजी फॉर्म घेऊन वर्गात यायचे. माझा फॉर्म दोनदा चुकला, तर त्यांनी बापाला शाळेत बोलावून घेतलं आणि बाकावर शेजारी बसवलं. बाप म्हणाला, "बाबूजी, आमी अडाणी मानसं. तुमी म्हनसान तिथं अंगठा देतो." बाबूजींनी आधी सगळा फॉर्म वाचून दाखवला, मग अंगठा घेतला. तलाठ्याकडून काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी पुढं अकोल्याला अकरावीला गेलो तेव्हाही माझ्या ट्रंकेत होती.

आता मुद्द्यावर येतो. मदत कमी आहे असं आपण म्हणतो. पण वह्या उघडून पाहिलं तर कागदावर ती कमी नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हापासून. आज तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी तीच जुनी ई.बी.सी. आता राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती झाली. २०१६ पर्यंत तिची मर्यादा १ लाख होती, मग ६ लाख झाली, आता ८ लाख आहे. तिच्यात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत. आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आईबापाचं मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, माझ्या पिशवीत आहे, हवा त्यानं झेरॉक्स काढावी.

पण या निर्णयात एक शब्द आहे: केंद्रीभूत प्रवेश. म्हणजे मुलीचा प्रवेश कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला की माफी संपली. खासगी आणि अभिमत विद्यापीठात गेली तरी संपली. आपल्या भागात जून महिना लागला की पोरं गोळा करणारे एजंट गावोगाव फिरतात. "काका, राउंडच्या भानगडीत कायले पडता, सीट पक्की करून देतो." बाप पंचवीस हजार भरून मोकळा होतो, आणि त्या एका सहीनं चार वर्षांची माफी जाते. हे बापाला कळतं ऑक्टोबरात, महाडीबीटीवर फॉर्म भरायला बसल्यावर. तेव्हा तो माझ्या टेबलाशी यायचा आणि मी त्याला नियम वाचून दाखवायचो. नियम बरोबर असायचा. फक्त चार महिने उशिरा वाचलेला असायचा.

जवळजवळ सगळी गळती अशीच होते. पैसा मार्चमध्ये मिळाला नाही असं दिसतं, पण तो हातून गेलेला असतो जून-जुलैमध्ये. जात पडताळणी बारावीत करायची ती प्रवेशाच्या आठवड्यात आठवते. नॉन-क्रीमीलेयर जुनं झालेलं असतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते आणि सेतू केंद्रासमोर रांग लागलेली असते.

राहण्याचा खर्च तर याहून अवघड, कारण आपल्याकडच्या मुलाला शिकायचं म्हणजे गाव सोडावंच लागतं. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलाला बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. अमरावतीसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. मुलगा त्या शहराचा रहिवासी नको, ५० टक्के गुण हवेत, उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. मेळघाटातल्या आदिवासी मुलांना त्याच धर्तीवर स्वयंम, आणि अलीकडे ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना सावित्रीबाईंच्या नावानं आधार योजना, जिल्ह्याला ६०० मुलं. कापूसवाल्या अल्पभूधारकाच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या पोराला भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाहभत्ता आहे. सुरू झाला तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार आणि इतरत्र २० हजार होता. शाहू महाराजांची शिष्यवृत्ती आणि हा भत्ता दोन्ही एकाच वेळी घेता येतात. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना नवीन होतं, आणि त्यात दोन प्राध्यापकही होते.

भाऊसाहेबांचं नाव निघालं म्हणून सांगतो. पापळचा हा मुलगा विलायतेला गेला. एडिंबरोला त्यांना संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आणि वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर त्यांनी ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली. परत आल्यावर त्यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं. शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. राहायची सोय आधी, कॉलेज नंतर. मला तो क्रम फार शहाणपणाचा वाटतो.

आता पैसा मिळतो कसा ते ऐका, कारण इथं आपलं काम आहे. समजा, सगळं बरोबर झालं. फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांकडे, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात, मग मंजुरी. रक्कम येते आधारशी जोडलेल्या खात्यात. आणि आधारशी जोडलेलं खातं म्हणजे फॉर्मवर लिहिलेलं नव्हे, तर बँकेनं सर्वांत शेवटी जोडलेलं. एका पोरानं सिमकार्ड घेताना कुठल्या तरी पेमेंट बँकेत खातं उघडून टाकलं होतं, त्याला ते माहीतही नव्हतं. वर्षभर तो मला म्हणायचा, पैसे आले नाहीत. पैसे आलेले होते, त्याच्याच नावावर.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्यानं सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला आहे, मधले खाणारे हात कमी व्हावेत. पण तो पैसा मृगाच्या तोंडावर आला तर ज्या घरात बियाण्याची उधारी उभी आहे, त्या घरानं काय करावं? बाप म्हणतो, कापूस निघाला की भरू. कापूस निघतो, भाव पडलेला असतो. मग पोराची टीसी अडते. लोक म्हणतात, पैसे खाल्ले. मी तसं म्हणत नाही. ज्याच्या घरी चुकाऱ्याची वाट पाहिली आहे त्यानं तसं म्हणू नये.

शिष्यवृत्ती ही आपल्या जुन्या चुकाऱ्यासारखी आहे. येते, पण येण्याच्या आधी जगायचं कसं हे ती सांगत नाही. खोलीचं भाडं जुलैत द्यायचं, मेसचा डबा ऑगस्टपासून, आणि स्वाधारचा पहिला हप्ता पुढच्या वर्षी. मधल्या सात-आठ महिन्यांत पोरगं गावाला परत येतं. नापास होऊन नाही, डब्याचे पैसे थकले म्हणून.

आता एक गोष्ट सांगतो, माझ्याविरुद्धची आहे. घरच्यांनाही फार सांगितलेली नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतलं आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, दर्यापूरकडच्या खेड्यातली, वडील नाहीत. तिचा फॉर्म माझ्या लॉगिनला आला. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. मी त्रुटी लिहून फॉर्म परत पाठवला. नियमानं तेच करायचं असतं. त्या दिवशी माझ्यासमोर तीनशेच्या वर फॉर्म होते. त्रुटीचा मेसेज मुलीच्या मोबाइलवर जातो. पण फॉर्मवरचा नंबर तिचा नव्हता, नेटकॅफेवाल्याचा होता. खेड्यातल्या शंभर पोरींचे फॉर्म त्याच एका नंबरावर असतात, ओटीपी लागतो ना. मला हे ठाऊक होतं. तो नंबर मी ओळखतही होतो, शंभरदा पाहिलेला. एक चिठ्ठी वर्गात पाठवली असती तरी झालं असतं. मी पाठवली नाही. पोर्टल बंद झालं. फी थकली, ती परीक्षेला बसली नाही, पुढच्या वर्षी आली नाही.

निवृत्तीनंतर एकदा अमरावतीला कापडाच्या दुकानात गेलो. काउंटरवर तीच. तिनं मला ओळखलं, "नमस्कार सर" म्हणाली, नातीचा फ्रॉक दाखवला, बांधून दिला. मी पैसे देत होतो तेव्हा तिनं सहज विचारलं, "सर, तो माझा फॉर्म कशात अडकला होता?"

पाच वर्षांत तिला ते कोणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, दाखला जुना होता. ती म्हणाली, "एवढंच?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या रात्री मला आपले बाबूजी आठवले, माझ्या बापाला शेजारी बसवून फॉर्म वाचणारे. नियम त्यांच्या वेळीही होतेच, आणि त्यांच्याकडे तर टाइपरायटरसुद्धा धड नव्हता.

म्हणून आजच्या बैठकीतल्या एका विषयावर मला माझं मत नोंदवायचं आहे. आपल्या तुकडीनं निधी जमवला आहे. कार्यकारिणीत दोन सूचना आहेत: शाळेला नवी कमान बांधायची, आणि दहावीत पहिल्या तीन आलेल्यांना दरवर्षी बक्षीस द्यायचं. कमानीला माझा विरोध आहे हे मी स्पष्ट सांगतो, मग कोणी रागावो. जुन्या फाटकातून आपण सगळे आत आलो, अडलं नाही. बक्षिसाबद्दल एवढंच म्हणतो की पहिला आलेल्याला कोणी ना कोणी देतंच. बेचाळीस टक्के मिळवून आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला जाणाऱ्या पोराला जुलैत कोण देतं?

माझी सूचना अशी. हा निधी उसना द्यावा. जुलैत दहा-बारा हजार, खोली आणि मेसपुरते, बिनव्याजी. शिष्यवृत्ती आली की परत. काही जण परत करणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी मला धरणार नाही. पण बरेच करतील. देताना एकच अट: फॉर्म भरल्याची पावती आणि त्यावर मुलाचा किंवा घरातल्या माणसाचा स्वतःचा नंबर.

आणि याला पैसा लागत नाही ते दुसरं काम. आठवीच्या मुलांसाठी एन.एम.एम.एस.ची परीक्षा असते. आपली शाळा अनुदानित आहे, म्हणून आपली मुलं बसू शकतात. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के. पास होऊन यादीत आला तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, चार वर्षांत ४८ हजार. आपल्यात सहा जण निवृत्त शिक्षक आहेत, मी मोजले. रविवारी दोन तास त्यांनी दिले तर कमानीपेक्षा जास्त पैसा या गावात येईल.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. निकालानंतरचे चार दिवस मी शाळेच्या त्या जुन्या ऑफिसात बसायला तयार आहे, मुख्याध्यापक सरांनी परवानगी दिली तर. दाखले तपासू, कॅपचा अर्ज समजावून सांगू, आधारला कोणतं खातं जोडलंय ते बघू. पालक सोबत पाहिजेत, एकटं पोरगं नको. बाक दोन लागतील, समोरासमोर नको, शेजारी-शेजारी लावायचे. आणि आपल्यापैकी कोणाकडे चालू स्थितीतला प्रिंटर पडून असेल तर जेवताना मला भेटा.