तारांना जमीन हवी

गझल लिहिणाऱ्याला ‘जमीन’ हा शब्द नवा नाही. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन होते. ती कच्ची असली की चांगला शेरही लटपटतो. आज मात्र मी दुसऱ्या एका जमिनीबद्दल बोलणार आहे.

आमच्या मुळशीकडे मिरवणुकीत बेंजो वाजतो, उरुसात कव्वालीच्या साथीलाही तो असतो. अलीकडे पोरं इलेक्ट्रिक गिटारही घरीच बनवतात. सागाची फळी, जुन्या बाजारातले सुटे भाग आणि उत्साह! पण वायर जोडली की तक्रार येते, ‘चाचा, वाजवायच्या आधीच घूंऽऽ करते.’

ही घूं येते कुठून? गिटारीच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. पण हे वेढे शेजारचा ट्रान्सफॉर्मरही ऐकतात. आपली वीज सेकंदाला 50 वेळा झुलते. तिची गुणगुण 50 वर आणि तिच्या दुपटीवर, म्हणजे 100 वर उमटते. गिटारीची सर्वांत जाड तार सुमारे 82 वर लागते, तिच्या शेजारची 110 वर. म्हणजे ही गुणगुण दोघींच्या मध्ये घुसते. न मागितलेला तंबोरा, तोही बेसूर!

दुसरं कारण आपण स्वतः. भिंतीतल्या वायरींची चाहूल आपलं शरीर अँटेनासारखी टिपतं आणि पिकअपजवळ पोचवतं. त्यावर साधा उपाय आहे. तारा ज्या धातूच्या घोडीवर टेकतात, तिच्याखालून एक वायर आणून जॅकच्या अर्थच्या टोकाला सोल्डर करायची. मग तारांना हात लागला की खरखर दबते. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो, तर ती वायर तुटली आहे असं समजावं. हात लावल्यावर आवाज उलट वाढला, तर जॅकवरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली असण्याची शक्यता जास्त. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून तीही अर्थला जोडली, की आणखी शांतता येते.

ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मात्र यानं जात नाही. त्यासाठी गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये जोड-पिकअप तयार केला. त्यात दोन वेटोळी असतात, वेढेही उलट आणि चुंबकही उलट. त्यामुळे तारेचा सूर दुप्पट होतो आणि गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते.

आता कळीची गोष्ट. गिटारीच्या तारा केबलमधून अँप्लिफायरच्या पत्र्याला, आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या पिनेला जोडलेल्या असतात. भिंतीतलं ते तिसरं भोक नुसतंच असेल, मागे अर्थिंगची वायरच नसेल, आणि अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर 230 व्होल्ट थेट बोटांखाली येतात. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वे हा गिटारवादक रंगमंचावरच गेला. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. इथे तर मुळशीचा पाऊस, ओली जमीन, मांडवातला जनरेटर!

म्हणून पोरांना मी सांगतो, गुणगुण घालवायला तिसरी पिन कधीही कापू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा गळती-स्विच बसवून घ्या. माइकला ओठ लावण्याआधी तो तपासा. ओल्या पायांनी वाजवू नका.

याच मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते. त्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले होते. जमिनीची किंमत या मातीला कुणी शिकवायला नको. तारेलाही ती हवी असते, एवढंच आज सांगायचं होतं.